वीस खाटांचा हिशेब

जिल्हा सहकारातल्या एका बँकेत कर्ज विभागात माझी हयात गेली. हळद पॉलिश, बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज, पोल्ट्री, मंगल कार्यालय, असे कितीतरी प्रकल्प अहवाल हाताखालून गेले. साचा ठरलेला. आधी जागा, मग बांधकाम, मग यंत्रसामग्री, आणि सगळ्यात खाली खेळतं भांडवल. या शेवटच्या ओळीत अर्जदार बहुतेक वेळा उरलासुरला आकडा टाकतो, कारण तोवर त्याचा उत्साह संपलेला असतो. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांसाठी निवास काढायचं घरात ठरलं तेव्हा या ओळी कुठल्या क्रमाने लिहायच्या, इथूनच आमची चर्चा सुरू झाली.

आम्ही म्हणजे मी आणि माझ्या वहिनी. त्या मिरजेत एका हॉस्पिटलात वॉर्ड इन्चार्ज होत्या. काकूला अर्धांगवायू झाल्यावर शेवटची वर्षं त्यांनीच तिचं सगळं केलं. ते चालू असताना गावातली इतर घरं विचारायला यायची, 'आमच्या आईला कुठं ठेवता येईल का?' चालत्याफिरत्या माणसांसाठी वृद्धाश्रम आहेत. पण लघवीची नळी किंवा नाकातून अन्नाची नळी असलेल्या, कुशीवर वळवावं लागणाऱ्या माणसाला घेणारी ठिकाणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. सोबतीला काकांचा बुधगावचा बंगला रिकामा होता. जागेचं भाडं वाचणार म्हटल्यावर नातेवाइकांना वाटलं, अर्धं काम झालं.

वहिनींनी माझ्या कागदावरची पहिली ओळ वाचली आणि विचारलं, "भाऊजी, घेणार कोणाला ते लिहिलंच नाही की यात."

या एका प्रश्नावर अख्खं अंदाजपत्रक फिरतं. चालते वृद्ध घेतले तर साधे पलंग, एक स्वयंपाकीण, रात्री एक माणूस एवढ्यावर भागतं. खिळलेले घेतले तर पलंग बदलतो, दार बदलतं, न्हाणीघर बदलतं, कपडे धुण्याची सोय बदलते, परवाने बदलतात, आणि माणसं तिप्पट लागतात. 'दोन्ही थोडे थोडे घेऊ' हा व्यवहार कागदावर स्वस्त दिसतो, पण चालता माणूसही वर्ष-दीड वर्षात पडतो, खुबा मोडतो आणि खिळतो. तेव्हा त्याला कुठे पाठवणार? म्हणून सोय पहिल्यापासून खिळलेल्यांचीच करायची, असं ठरलं. वीस खाटा.

बुधगाव पक्कं व्हायच्या आधी एकाने सांगलीतच, नदीच्या बाजूचं घर सुचवलं होतं. मोठं, हवेशीर, बाजार जवळ, आणि भाडं आश्चर्य वाटावं इतकं कमी. सांगलीकराला ते कमी का, हे सांगावं लागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं होतं. तिथली इशारा पातळी ४० आणि धोक्याची ४५ फूट. धडधाकट माणूस पिशवी घेऊन पहिल्या मजल्यावर जातो. वीस खिळलेली माणसं रात्रीतून कुठे आणि कशी हलवणार? ती स्वस्त जागा त्याच मिनिटाला बाद झाली. पण पुराने बुधगावच्या हिशेबातही हात घातलाच. शहर पाण्यात असतं तेव्हा कोरड्या गावांतही वीज, दूध, औषधं, सगळ्याची तारांबळ उडते. म्हणून पंधरा दिवसांचे डायपर, औषधं, डिझेल आणि भरलेले ऑक्सिजन सिलिंडर पावसाळ्याआधी घेऊन ठेवायचे, ही वेगळी ओळ घातली. इतर जिल्ह्यात कोणी असं निवास काढलं तर ही ओळ कदाचित लागणार नाही. आमच्याकडे ती आहे.

बंगल्याचं जोतं दोन फूट उंच. पूर्वीच्या लोकांनी शहाणपणाने उंच घेतलेलं, पण व्हीलचेअरला ते आडवं येतं. रॅम्पचं प्रमाण एकास बारा, म्हणजे दोन फूट चढायला चोवीस फूट लांबी. समोरच्या अंगणात एवढी सरळ जागा नव्हती. मग मध्ये सपाट टप्पा घेऊन रॅम्प वळवला, दोन्ही बाजूंनी कठडा लावला. दारांचं प्रकरण त्याहून नाजूक. वहिनींनी सर्जिकलवाल्याकडून एक फाउलर खाट, म्हणजे डोक्याकडची बाजू वर करता येणारी दवाखान्यातली खाट, चार दिवस भाड्याने आणवली आणि ती घरभर ढकलत फिरवली. जिथे अडली तिथे खडूची खूण. रुग्णाला खाटेसकट बाहेर काढायचं तर दार चार फुटी हवं. जुनी दारं तीन फुटांचीसुद्धा नव्हती. आणि प्रत्येक दाराला उंबरा. आमचे गवंडी भिंत फोडायला लगेच तयार झाले, पण उंबऱ्याला हात लावेनात. "उंबरा काढलेलं घर चांगलं नसतंय साहेब," म्हणाले. शेवटी वहिनींनी मुख्य दाराच्या उंबऱ्याची हळदकुंकू लावून पूजा केली, तो उंबरा रॅम्पच्या भरावात झाकून टाकला आणि आतले सगळे काढायला लावले. गवंड्यांचं समाधान झालं. मजुरी मात्र त्यांनी पूजेच्या दिवसाचीही लावली.

न्हाणीघरं पाच. एकेकाला नव्वद हजारांच्या आसपास लागले. दार बाहेर उघडणारं हवं, कारण माणूस आत पडला आणि दारालाच आडवा झाला तर आत ढकलायचं दार उघडत नाही. व्हीलचेअर वळायला पाच फुटांचा गोल मोकळा हवा. आधाराचे दांडे भिंतीत खोल बसवलेले हवेत. नुसत्या टाइलमध्ये स्क्रू मारलेला दांडा ऐंशी किलोच्या आजोबांनी धरला की टाइलसकट हातात येतो. वरचा मजला रहिवाशांसाठी वापरायचाच नाही हे ठरवल्यामुळे स्ट्रेचर मावणाऱ्या लिफ्टचा खर्च वाचला. वर स्टाफची खोली आणि कोठार केलं. आगीच्या वेळी जिने उतरवायची भानगडही त्यामुळे टळली. राष्ट्रीय इमारत संहितेत वृद्ध आणि दुर्बल माणसांची निवासं संस्थात्मक इमारतींच्या गटात येतात, साध्या घरात नाहीत. त्यामुळे अग्निशमनाचा सल्लागार आला तो त्याच मापाची पट्टी घेऊन आला. शिवाय ही यंत्रणा चालू असल्याचं बी फॉर्म प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत द्यायचं असतं. म्हणजे हा एकदाच करून मोकळं होण्यासारखा खर्च नाही.

पाण्याचं सांगतो, कारण ते बरेच जण विसरतात. घरात माणशी रोज १३५ लिटर धरतात. शंभर खाटांच्या आतल्या हॉस्पिटलला खाटेमागे ३४० लिटर धरायचा दंडक आहे. आमचं हॉस्पिटल नाही, पण धुणं हॉस्पिटलचंच. वीस खाटांना ६,८०० लिटर. बंगल्यावरच्या हजार लिटरच्या टाकीकडे बघून प्लंबर नुसता हसला.

धुणं म्हणजे काय, हे जुलैत कळतं. खिळलेल्या माणसाची चादर दिवसातून दोनदा तरी बदलावी लागते. वीस खाटा, चाळीस चादरी, आणि बाहेर संततधार. म्हणून प्रत्येक खाटेला सहा चादरी, मोठं मशीन आणि ड्रायर. नातेवाइकांपैकी एकाला ड्रायर ही चैन वाटली. वहिनी म्हणाल्या, ओल्या चादरीवर आठवडाभर झोपून दाखवा. पडून राहून होणारी जखम, म्हणजे बेडसोअर, एकदा झाली की ती भरायला महिने जातात, ड्रेसिंगचा खर्च येतो, सिस्टरचा रोजचा तास जातो. हवेच्या गाद्यांचंही तसंच. गादी साडेतीन हजारांची, जखम त्याच्या कितीतरी पट.

आणि डायपर. बारा माणसांना डायपर लागतील असं धरलं. रोज चार बदल, म्हणजे दिवसाला चार डझन, महिन्याला १,४४०. घाऊक भावात पस्तीस रुपये धरले तरी ५०,४०० होतात. हा खर्च कुटुंबाकडून वेगळा घ्यायचा ठरला. पण साठवायची जागा आमची आणि वापरलेल्याची विल्हेवाटही आमचीच. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम लागू होतात. पिवळी, लाल, पांढरी, निळी अशी वर्गवारी, प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी, आणि कचरा नेणाऱ्या सामायिक केंद्राशी करार.

परवान्यांची माळ फार ताणत नाही. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली ट्रस्ट नोंदवला. नंतर आयकराची १२एबी आणि ८०जी, म्हणजे संस्थेला करमाफी आणि देणगीदाराला करसवलत देणारी नोंदणी. ही पहिली नोंदणी तात्पुरती, तीन वर्षांची असते. महाराष्ट्राच्या १९४९ च्या शुश्रूषागृह कायद्यातल्या व्याख्येत आजार आणि इजेबरोबर दुर्बलताही आहे, त्यामुळे शुश्रूषा देणार म्हटल्यावर तीही नोंदणी केली. स्वयंपाकघरासाठी एफएसएसएआय, म्हणजे अन्नसुरक्षेची नोंदणी. यातल्या कुठल्याच सरकारी फीने कंबर मोडत नाही. कंबर मोडते ती कागदांच्या वाटेत घर तयार होऊन रिकामं पडून राहतं त्याने. तयार वास्तूत दिवा लागतो, राखणदार लागतो, आणि हेरून ठेवलेली चांगली सिस्टर 'अजून किती थांबू?' म्हणत दुसरीकडे रुजू होते. मिरजेला १८९४ च्या वॉन्लेस हॉस्पिटलपासूनची परंपरा आहे, सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, नर्सिंगचं शिक्षण आहे. त्यामुळे आमच्या भागात शिकलेले हात मिळतात. पण त्यांना बोलावणारेही तितकेच.

आता माणसांचा हिशेब. माझ्या मते सगळं अंदाजपत्रक इथेच ठरतं. आठवड्याचे तास १६८. एक माणूस ४८ तास काम करतो. म्हणजे खाटेशेजारची एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायला साडेतीन माणसं. रजा, आजारपण, माहेरचं लग्न धरून चार. बारा-बारा तासांच्या पाळ्या लावून हे दोनावर आणणारी ठिकाणं आहेत. वहिनींनी ते पहिल्याच दिवशी खोडलं. अकराव्या तासाला बाई रुग्णाला वळवत नाही, नुसतं वळवल्याचं रजिस्टरला लिहिते, हे त्यांनी वॉर्डात बघितलेलं.

त्यामुळे एकच आजी दाखल झाल्या तरी प्रत्येक पाळीला एक सिस्टर आणि एक मावशी हवीच. चार सिस्टर अठरा हजारांनी, चार मावशा साडेबारांनी: १,२२,०००. एका आजींच्या फीतून हे निघणार नाही, चार आजींच्याही नाही.

वीस खाटांना सकाळी तीन मावशा, दुपारी तीन, रात्री दोन. आठवड्याच्या छप्पन्न पाळ्या, माणशी सहा, म्हणजे दहा जणी. चार सिस्टर, स्वयंपाकाला दोघी, धुणं-सफाईला दोघं, आणि मीटरपासून मोटरीपर्यंत सगळं बघणारा एक. एकोणीस. आमचे सीए आकडा बघून म्हणाले, "इथंच थांबा. दहा झाले की ईएसआयसीचा कामगार विमा, वीस झाले की पीएफ." वहिनी म्हणाल्या, "मला बदली मावशी पाहिजेच. एक जण आजारी पडली की उरलेल्या दोघी रात्र ओढतात." विसावी घेतली. पीएफ, ईएसआयसी मिळून महिन्याला चाळीस-बेचाळीस हजारांचा बोजा वाढला. पण मला हा खर्च पटला. पीएफ कापला जातो हे कळल्यावर दोन चांगल्या मावशा मोठ्या हॉस्पिटलातून आमच्याकडे आल्या. रात्री नऊनंतर बुधगावहून कवलापूर, माधवनगर, कुपवाडला जायला बायकांना वाहन नाही, म्हणून सोडायला-आणायला व्हॅन ठरवावी लागली. ती ओळ कुठल्याच नमुना अहवालात नसते.

डॉक्टर आणि फिजिओच्या भेटी, जेवण, वीज, गॅस, हातमोजे, कचरा धरून पूर्ण भरलेल्या निवासाचा महिना साडेचार लाखांवर येतो. इथे फीचा प्रश्न. १२एबी नोंदणी असलेल्या संस्थेने साठीपुढच्यांसाठी चालवलेल्या वृद्धाश्रमाला जीएसटी माफ आहे, पण माणशी महिना २५,००० रुपयांपर्यंतच. त्यावर गेलं की सवलत गेली. आणि आमच्या भागातल्या निवृत्त शिक्षकाच्या किंवा द्राक्षबागायतदाराच्या घराला त्यावर परवडतही नाही. फी २४,००० ठरवली. आता तुम्हीच गुणाकार करा. तोंडमिळवणी व्हायला वीसपैकी एकोणीस खाटा भरलेल्या हव्यात. म्हणजे थोडं देणगीवर चालणार, हे पहिल्याच दिवशी कागदावर आलं. ते झाकून अहवाल देणारे अर्जदार मी खूप बघितलेत.

मग रिकाम्या खाटांचा तक्ता केला. दर महिन्याला दोन रहिवासी येतील, माणसं टप्प्याटप्प्याने घेऊ, असं धरून नऊ महिन्यांची तूट सव्वासात लाखांच्या आसपास आली. वहिनींनी तक्ता शांतपणे वाचला. "यात कोणी जाणार नाही असं धरलंय का?"

खिळलेल्या माणसांचं निवास हे शेवटी लोक जाणारच असं ठिकाण. कोणी महिन्याने जाईल, कोणी दाखल झाल्याच्या आठवड्यात. खाट स्वच्छ करून पुढच्या माणसाला द्यायला, कुटुंबाचं मन तयार व्हायला, वेळ जातो. चौदा खाटांवरून एकदम अकरावर येणं अगदी शक्य. म्हणून तुटीची रक्कम दुप्पट करून साडेचौदा लाख बाजूला ठेवले, आणि ते हाती आल्याशिवाय रंगकामाचा दुसरा हातसुद्धा मारायचा नाही, हे ठरलं. इमारत, खाटा, जनरेटर, टाक्या, सगळं मिळून बावीस लाख लागले. म्हणजे नुसत्या रिकाम्या खाटांसाठी ठेवलेली रक्कम त्याच्या निम्म्याहून जास्त. बँकेत मी असतो आणि कोणी एवढं खेळतं भांडवल मागितलं असतं, तर मी भुवया उंचावल्या असत्या. आमच्या अर्जावरही एका बँकेतल्या साहेबांनी त्या उंचावल्याच. तारण आहे, पण मासिक उत्पन्न कुठंय, म्हणाले. त्यांचं बरोबर होतं. पैसे घरातून आणि गोतावळ्यातून उभे केले.

डिपॉझिटचा मोह मोठा असतो. कुटुंबाकडून तीन महिन्यांची अनामत घ्यायची आणि त्यातून जनरेटर आणायचा, असं मला दोघा-तिघांनी सुचवलं. अनामत हे देणं असतं. आजी गेल्या की त्या आठवड्यात परत द्यावी लागते. ती वेगळ्या खात्यात ठेवली आणि त्याला हात लावायचा नाही असा विश्वस्तांचा ठराव केला. थकबाकीची ओळही घातली. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांतांकडे दाद मागून मुलाकडून निर्वाह मिळवता येतो, पण त्याची मर्यादा महिना दहा हजार. आमची फी चोवीस. बँकेत नव्वद दिवस हप्ता थकला की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक. इथे एनपीए झालेल्या खात्याला दोन वेळा भरवायचं असतं, वर दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं असतं.

देणगीदार भले असतात, पण त्यांना वस्तू द्यायची असते. पंखे, कपाटं, व्हीलचेअर, त्यावर आईवडिलांचं नाव. व्हीलचेअर आमच्याकडे लागतात त्याहून जास्त झाल्या. श्राद्धाला अन्नदान करणारेही पुष्कळ. पगाराला कोणी देत नाही. म्हणून वहिनींनी 'एका रात्रीची सेवा' अशी पावती छापून घेतली. एक सिस्टर, दोन मावशा, त्यांचा पीएफ: १,९०० रुपये. वडिलांच्या वर्षश्राद्धाला एक गृहस्थ तासगावहून आले. ते जेवणाचे पैसे द्यायला आलेले, वहिनींनी रात्र समजावून सांगितली. पटलं त्यांना, पैसे काढलेही. मग जरा अडखळले. जेवणाचा पंगतीत फोटो येतो, गावाकडच्या ग्रुपवर टाकता येतो. रात्रीचा कशाचा काढायचा?

"ड्युटी रजिस्टरचा काढा," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांच्यापुढे उघडून ठेवलं.